सबनीसबाईंचा वावळा

आमच्या कारखान्यात सबनीसबाईंना न घाबरणारा माणूस एकच होता, तो म्हणजे कॅन्टीनचा आचारी, आणि तेही त्याला ऐकू कमी यायचं म्हणून. बाकी मॅनेजरपासून गेटवरच्या वॉचमनपर्यंत सगळे बाई समोरून आल्या की उगाच शर्टाची बटणं चाचपायचे. बाई कधी ओरडत नसत. त्या नुसत्या बघायच्या, आणि मग हळू आवाजात म्हणायच्या, "अजून झालेलं नाही हे."

कारखाना रबाळ्याला होता, कापडाच्या रंगांचा. बाई तिथल्या प्रयोगशाळेच्या प्रमुख आणि मी ऑफिसात टायपिस्ट. तयार झालेला रंग बाईंनी कापडाच्या तुकड्यावर घ्यायचा, खिडकीशी नेऊन उजेडात धरायचा आणि 'झाला' म्हणायचं, मगच माल बाहेर. ट्रक उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, मॅनेजर हात चोळत प्रयोगशाळेच्या दारात, आणि बाई शांतपणे तुकडा उन्हात धरून उभ्या. एकदा मॅनेजर काकुळतीला येऊन म्हणाले, "बाई, उन्नीस-बीसचा फरक असेल हो, जाऊ द्या." बाई म्हणाल्या, "जाऊ द्या की. फक्त माझी सही तुम्हीच करा." ट्रक त्या दिवशी गेला नाही.

बाई उंच आणि हडकुळ्या होत्या. साडी कायम पांढरी नाहीतर सायीच्या रंगाची. दिवसभर रंग बघून डोळे विटतात, म्हणायच्या, निदान अंगावर तरी नको. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही हे विचारायची कोणाची छाती नव्हती, आणि ज्या एकीने विचारलं तिला बाईंनी "वेळ चुकली" एवढंच उत्तर दिलं, तेही भाजीचा भाव सांगावा तसं. सगळ्यांना त्या आडनावाने हाक मारत, पुढे बाई नाही की ताई नाही. मी त्यांच्यासाठी 'पाटणकर' होते. वाशीला आम्ही एकाच सोसायटीत राहायचो, त्या तळमजल्यावर आणि आम्ही दुसऱ्या मजल्यावर. कारखान्याच्या बसमध्ये शेजारी बसायचो. सत्तर सालानंतरची ती वाशी म्हणजे चार इमारती, मधे चिखल आणि डासच डास. मुंबई सोडून इथे आलेलो आम्ही सगळे एकमेकांना धरून होतो. बाई मात्र कोणाला धरून नव्हत्या, त्या झाडांना धरून होत्या.

त्यांच्या गॅलरीत बोन्साय होते. वीतभर कुंडीत वड, पिंपळ, उंबर. तेव्हा आमच्याकडे हे नवीनच होतं आणि सोसायटीतल्या निम्म्या लोकांना ते पटत नसे. आमचे सेक्रेटरी खोतकाका तर एकदा मीटिंगमध्येच बोलले, "सबनीसबाई, राग नका मानू, पण जिवंत झाडाला असं कापून कापून ठेंगणं ठेवायचं म्हणजे पाप आहे हो."

बाई म्हणाल्या, "खोत, तुम्ही दाढी केव्हा केलीत?"

"आज सकाळी. का?"

"पाप लागलं का?"

मीटिंग तिथेच संपली. खोतकाका नंतर आठवडाभर जिन्यात माझ्याशीसुद्धा बोलत नव्हते, जणू दाढीचा विषय मीच काढला होता.

सोसायटीतल्या बायकांनी एकदा बाईंच्या मागे लागून बोन्सायचा वर्ग सुरू करून घेतला. पहिल्याच दिवशी एकीने विचारलं, "हे किती दिवसांत तयार होतं हो?" बाईंनी तिच्याकडे बघितलं, आणि सगळ्यांना चहा देऊन घरी पाठवलं. वर्ग त्या दिवशी सुरू झाला आणि त्याच दिवशी बंद पडला. चहा मात्र चांगला होता.

बाईंचं सगळं शास्त्र वेळेवर उभं होतं. झाड कुंडीत बसवायला त्याची मुळं कधी कापायची हा त्यांचा आवडता विषय, आणि बसमध्ये रबाळे येईपर्यंत मी तो इतक्यांदा ऐकला आहे की आजही झोपेतून उठवून विचारलंत तर सांगेन. आपल्याकडे झाड लावायचं म्हटलं की लोकांना पावसाळा आठवतो. बाईंनीही सुरुवातीला तेच केलं होतं. मुंबईला असताना त्यांनी एक झाड आषाढात उपटून मुळं छाटली आणि कापलेल्या जागी पाणी मुरून सगळी मुळं कुजली. "मीच मारलं," असं त्या सरळ सांगायच्या. मग त्यांनी परदेशातलं एक पुस्तक वाचलं. त्यात लिहिलं होतं की बर्फ वितळायला लागलं की कापा. "आता वाशीत बर्फ कुठून आणू?" बाई म्हणायच्या. "पुस्तकातला महिना पुस्तकात राहू दे. झाड काय म्हणतंय ते बघायचं."

झाड काय म्हणतं ते त्याच्या डोळ्यांत दिसतं. म्हणजे फांदीवर नवी पालवी जिथून फुटते, त्या डोळ्यांत. थंडीत पान झडलं की झाड झोपतं. थंडी सरता सरता डोळे फुगायला लागतात. मोहरीएवढे असले तर अजून थांबायचं. जिऱ्यासारखे लांबट झाले की कुदळ काढायची, कारण तेव्हा झाडाच्या अंगात वर्षभराची साठवण असते आणि जखम भरून काढायची घाईही असते. डोळ्यातून हिरवं टोक बाहेर दिसलं की गेलं ते वर्ष. आता कापलं तर झाड पालवी जगवेल की मुळं? दोन्ही जमत नाही त्याला. मग गप बसायचं आणि पुढची थंडी संपायची वाट बघायची. हे सगळं त्या इतक्या गंभीरपणे सांगायच्या की मला स्वयंपाकघरात फोडणी करताना मोहरी-जिऱ्याच्या डब्यांकडे बघून हसू यायचं.

वावळ्याचं ते झाड आम्हाला भेटलं बस बंद पडली म्हणून. संध्याकाळी घरी येताना बोनकोड्याजवळ बसने जीव टाकला. सगळे खाली उतरून ड्रायव्हरला सल्ले द्यायला लागले. बाई मात्र रस्ता सोडून शेतात उतरल्या. भात कापून झालं होतं, खाचरं कोरडी होती. मी हाका मारत मागे गेले तर बाई एका बांधावर उकिडव्या बसून एका खुंटाकडे बघत होत्या. मला तो सरपणाचा तुकडा वाटला. मांडीएवढं जाड खोड, उंची जेमतेम गुडघ्याच्या वर, डोक्यावर काड्यांचा झुबका. पण जमिनीशी खोड असं पसरलं होतं की जणू फतकल मारून बसलं होतं. बाईंनी अंगठ्याच्या नखाने साल जराशी खरवडली. आतून हिरवं दिसलं. बाईंचा चेहरा मी तोवर कधी इतका मऊ झालेला पाहिला नव्हता.

"काय गो बाय, काय हरवलंय काय तुजं?"

डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई बांधावर उभी होती. तिचं नाव हिराबाई. खाचर तिचं, बांध तिचा आणि वावळाही तिचाच.

"हा दरवर्षी तोडता का तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"आमचा म्हातारा तोडतो, कुंपनाला. लय वरसं झाली. कवडा तोडला तरी मरत नाय मेला."

"मला द्याल?"

हिराबाईने भारा खाली टाकला आणि हसायलाच लागली. "खुंट? ने की. उद्याच उपटून देते पोराला सांगून."

"उद्या नको," बाई म्हणाल्या. "तीन वर्षांनी."

"तीन वरसांनी? तवर मी ऱ्हाते का जाते!"

पण कबूल झाली. बाईंनी तिला तिथेच बसवून सगळं समजावलं. इतक्या वर्षांचं झाड एकदम उपटलं तर त्याची खायची मुळं लांब जमिनीतच राहतात आणि वर येतो तो नुसता सांगाडा. म्हणून पहिल्या वर्षी खोडाभोवती अर्धं वर्तुळ खणायचं, तेवढ्या भागातली जाड मुळं करवतीने साफ कापायची आणि खड्ड्यात वाळू नि कुजलेला पाला भरायचा, म्हणजे कापल्या जागी केसांसारखी बारीक मुळं फुटतात. दुसऱ्या वर्षी उरलेलं अर्धं. तिसऱ्या वर्षी खालचं सोटमूळ कापून झाड अलगद उचलायचं. हिराबाईने सगळं ऐकून घेतलं आणि मला हळूच विचारलं, "हिला पोरंबालं नायत काय?"

पुढच्या माघात बाईंचा निरोप आला. निरोप म्हणजे बसमध्ये माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पाटणकर, रविवारी जिरं." मी समजले.

आम्ही दोघी रविवारी सकाळी बोनकोड्याला गेलो. पिशवीत करवत, कोयता, वाळू आणि विणायची एक सुई. सुईने बारीक मुळं विंचरायची, तुटू न देता. कुदळ हिराबाईची. बाईंना प्रत्येक गोष्टीला रेघ लागायची, तेव्हा त्यांनी पुडीतला चुना काढून खोडाभोवती सुबक अर्धवर्तुळ आखलं आणि खणायला लागल्या. अर्धा हात खणलं नसेल, तोच गावाकडून सात-आठ माणसं धावत आली. पुढे हिराबाईचा दीर, हातात काठी.

"कोन हाय थयं? कोनाला इचारून आखनी केली?"

आमच्या लक्षात काही येईना. मग आलं. नव्या शहरासाठी जमिनी घेतल्या जात होत्या. मोजणीवाले यायचे ते असाच पांढरा चुना टाकून जायचे, आणि जिथे चुना पडला तिथलं शेत गेलं असं गाव समजून चालायचं. लांबून कोणीतरी साडीतल्या दोन बायका बांधावर चुना टाकताना पाहिल्या होत्या. आता बायकांना पाठवायला लागले, अशी गावात बोंब झाली होती.

बाई करवत हातात घेऊन खड्ड्यात उभ्या राहिल्या. "मोजणी नाही हो. मुळं कापतेय मी."

"मग चुना कशाला?"

"मला रेघ लागते. रेघ नसली की हात वाकडा जातो माझा."

दिराचा विश्वास बसेना. तेवढ्यात हिराबाई पदर खोचत आली. तिने एकदा चुन्याकडे बघितलं, एकदा दिराकडे, आणि म्हणाली, "भावजी, सरकारला जागा पायजे तर अर्धा गोल काडतील का? ते काडतील तर आक्खा गाव काडतील." माणसं हसली. पण हसता हसता दीर खाली बसला आणि कपाळ पुसत राहिला, ते मला अजून दिसतं. कारण भीती काही खोटी नव्हती. मग ती सगळी माणसं बांधावर बसून बाईंचं मुळं कापणं बघत राहिली. एकाने करवत धरली, एकाने वाळू ओतली. दुपारी हिराबाईने आम्हाला भाकरी नि सुकटाची चटणी वाढली. पुढच्या वर्षी उरलेलं अर्धं कापायला गेलो तेव्हा बाईंनी चुन्याऐवजी चुलीतली राख नेली होती.

या दोन वर्षांत बाईंचं बोनकोड्याला जाणं-येणं वाढलं. कधी नुसतंच वावळ्याकडे बघून यायच्या. माझ्या मनात यायचं की आम्ही मुंबईतून उपटलेले, ही गावाची माणसं आपल्याच जागी उपटली जाणारी, आणि हा वावळा. एकदा मी तसं बोलून दाखवलं. बाई चिडल्याच. "झाडाचं झाडापाशी ठेव, पाटणकर. माणसांची मुळं कोणी राखेची रेघ मारून कापत नाही." मी पुन्हा तो विषय काढला नाही.

वावळ्यासाठी बाईंनी कुंभाराकडून एक उथळ, लांबट कुंडी खास करून घेतली होती. विटकरी रंगाची, काठ जरा आत वळलेले. गॅलरीत ती मधोमध रिकामी ठेवलेली असायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला बाई सांगायच्या, "हा तिसऱ्या वर्षी येईल." लोकांना वाटायचं बाईंचा कोणी भाचा येणार आहे.

आणि तिसऱ्या वर्षी, थंडी नुकती पडली असताना, हिराबाईचं खाचर गेलं. कागदोपत्री कधीच गेलं होतं, आता भराव घालणारे ट्रक आले. लाल मुरमाचे ढीग एकेका खाचरात पडत वावळ्याच्या बांधाकडे सरकत होते. बसमधून रोज दिसायचे. बाई खिडकीशी बसून मधे उरलेली खाचरं मोजायच्या.

सगळ्यांनी एकच सांगितलं, आत्ताच उपटा. मीही सांगितलं. हिराबाईचा मुलगा पहार घेऊन तयार होता. बाई वावळ्यापाशी जाऊन बसल्या, एक फांदी जवळ ओढून डोळ्याशी नेली. अर्धी पानं अजून झाडावरच होती. "हा अजून नीट झोपलेलासुद्धा नाही," त्या म्हणाल्या. "आत्ता सोटमूळ कापलं तर महिनाभर हिरवा दिसेल, आणि मग जाईल. मेलेलं झाड नेऊन काय करू मी?"

"इथं राहिला तर मुरमाखाली जाईल," मी म्हटलं.

"माहीत आहे मला, पाटणकर."

मग त्या भरावाच्या मुकादमाकडे गेल्या. साताऱ्याकडचा तरुण माणूस, बोलायला बरा. बाईंनी त्याला डोळे, मोहरी, जिरं, सगळं सांगितलं. माघ संपेपर्यंत एवढा बांध सोडा, बाकी सगळं भरा, म्हणाल्या. तो डोकं खाजवत राहिला. "मॅडम, तुमचं समदं बरोबर हाय. पण मी साहेबाला काय सांगू? झाड झोपलंय म्हणून गाडी थांबवली? माझी नोकरी जाईल. कशाला टेन्शन देताय गरिबाला?" बाईंनी हात जोडले. बाईंना कोणापुढे हात जोडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि मला ते बघवलं नाही.

दोन दिवसांनी सकाळी बस बोनकोड्यावरून जाताना बाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. सगळीकडे लाल मुरूम पसरला होता आणि मधे वावळ्याचा बांध तसाच्या तसा उभा होता. ट्रक त्याला वळसा घालून जात होते. बाईंनी ड्रायव्हरला बस थांबवायला लावली. बाईंच्या शब्दाला ड्रायव्हर काय नाही म्हणणार.

वावळ्याच्या बुंध्याशी एक गोटा होता. त्याला झगझगीत शेंदूर फासला होता, वर झेंडूचं फूल, पुढे फोडलेला नारळ. हिराबाई लांब बसून तोंडाला पदर लावून हसत होती.

"हे कोणी केलं?" बाईंनी विचारलं.

"मना काय ठावं? देवाचं देव जाने. सकाली डायवरनी बगलं नि गाडी पाठी घेतली. मुकादमानं पन हात जोरले."

"हिराबाई, हे बरोबर नाही."

"तुजा मयना येस्तवर राऊदे बाय. मग पुसून टाकू. गोटाच तर हाय, मीच आनला खाडीवरना."

बाईंचा देवधर्मावर काडीचा विश्वास नव्हता. घरात देव्हारा नव्हता, गणपतीची वर्गणी त्या 'मांडवासाठी' म्हणून द्यायच्या. त्या दिवशी बसमध्ये परत चढल्या तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता. सुटका झाल्याचा आनंद होता आणि ती सुटका अशी झाली याचा रागही होता. रबाळ्यापर्यंत त्या पुटपुटत होत्या, "शेंदूर! शेवटी शेंदूर!" पण संध्याकाळी मला म्हणाल्या, "हिराबाईंना एक चांगलं लुगडं घ्यायचंय. रंग मी बघते."

मार्गशीर्ष गेला, पौष गेला. वावळ्याची पानं झडली. डोळे मोहरीएवढे झाले. बाईंनी करवतीला धार लावून आणली, कुंडीच्या तळाला जाळी बसवली, खडी चाळली. पन्नाशीला आलेली बाई, पण लग्नघरात असावी तशी लगबग. मग एका शुक्रवारी म्हणाल्या, "पाटणकर, जिरं."

आम्ही गेलो. लांबूनच मला काहीतरी वेगळं दिसलं. वावळ्याला हिरव्या बांगड्या अडकवल्या होत्या. फांद्यांना दोरे होते. गोट्याला चांदीचे डोळे बसवले होते, पुढे पणत्या, खणाची घडी, तांदूळ. दोन म्हाताऱ्या बायका ओटी भरून नुकत्याच उठल्या होत्या. बाईंनी पिशवी खाली ठेवली आणि करवत आतच राहू दिली.

हिराबाई आली ती आज हसत नव्हती. बाईंनी आणलेलं लुगडंच नेसली होती. तिच्या मागे, जरा अंतर ठेवून, तिची सून उभी होती. पोट दिसत होतं.

हिराबाईने बाईंचा हात धरला आणि बाजूला नेलं. मी ऐकत होते. "बाय, गोटा मीच मांडला, शेंदूर मीच लावला, मना समदं ठावं हाय. पन हिला नाय ठावं. तीन येलां गेलं तिचं पोटातला. ती हितं येऊन बसली, नवस बोलली, नि आता बग, टिकलं, पाचवा लागला. रोज येते दिवा लावाला. तू झार नेलास तर..." हिराबाईने सुनेकडे बघितलं. मग म्हणाली, "तू बोलशील तर मी सांगते तिला खरं काय ता. शब्द दिला मी तुला."

सून आमच्याकडे बघत नव्हती. ती पिशवीकडे बघत होती. पिशवीतून करवतीची मूठ बाहेर आली होती.

बाई वावळ्यापाशी गेल्या. फांदी जवळ ओढून डोळे बघितले. खूप वेळ बघितले. मी त्यांच्याजवळ होते, मला दिसत होतं. जिरं. जसं त्यांना हवं होतं तस्संच, एक दिवस पुढे नाही की मागे नाही. मग त्यांनी फांदी हळूच सोडली, तिच्यावरचा दोरा निसटला होता तो पुन्हा नीट अडकवला, आणि सुनेला विचारलं, "डॉक्टरकडे जातेस का?"

सून मान हलवून हो म्हणाली.

"चुकवू नकोस. आणि इथे येतेस तर उन्हात बसू नकोस."

एवढं बोलून त्यांनी पदर खोचला आणि मुकादमाला हाक मारली. झाड इथेच राहणार म्हटल्यावर त्यांच्या डोक्यात दुसरंच काम सुरू झालं होतं. भराव वर चढला आणि मुरूम खोडाला भिडला तर साल कुजणार. त्यांनी बांधाभोवती हात दोन हात जागा सोडून दगडाचं कडं रचून घेतलं, पाणी जायला वाट ठेवली. मुकादम आता देवीचं काम म्हणून आनंदाने दगड पुरवत होता. "मुरूम या कड्याच्या आत येता कामा नये," बाईंनी त्याला बजावलं. "आला तर देवी बघून घेईल तुला." हे म्हणताना त्या जराही हसल्या नाहीत.

परतताना मी विचारलं, "वाईट वाटलं?"

"वाटलं," बाई म्हणाल्या. "फार वाटलं." आणि खिडकीबाहेर बघत रडल्या. रुमाल काढला नाही, लपवलंही नाही.

त्या कुंडीत त्यांनी शेवटपर्यंत काही लावलं नाही. पाणी भरून ठेवायच्या. चिमण्या यायच्या आंघोळीला.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. बाई निवृत्त झाल्या, गुडघे धरले, आणि सांगलीला बहिणीकडे कायमचं जायचं ठरलं. गॅलरीतली झाडं त्यांनी ओळखीत वाटून टाकली. जायच्या आदल्या दिवशी म्हणाल्या, "पाटणकर, रिक्षा बोलाव."

बोनकोडं ओळखू येत नव्हतं. मुरमावर इमारती उभ्या राहिल्या होत्या, वाण्याची दुकानं, शाळा, सेक्टरचे आकडे. आणि एका वळणावर वावळा. कोणी कोयता लावला नव्हता, त्यामुळे तो वाढला होता तो तिसऱ्या मजल्यापर्यंत. भोवती फरशीचा पार, घंटा, आणि कमानीवर 'श्री वावळाई माता प्रसन्न'. बाईंनी आजवर त्या झाडाकडे वाकून बघितलं होतं. आता मान मागे टाकून बघावं लागत होतं, आणि तोल जाऊ नये म्हणून त्यांनी माझा खांदा धरला.

"मुळं चांगली कापली गेली होती," त्या म्हणाल्या. "म्हणून आलाय असा."

पारावर बसलेली हिराबाई हे ऐकून काठी टेकत उठली. आता तीही थकली होती. "व्हय व्हय," ती म्हणाली, "देवीनं काय पन नाय केलं, समदं तूच केलंस." दोघी हसल्या. मग हिराबाईने समोरच्या शाळेतून दप्तर घेऊन पळत सुटलेली एक मुलगी दाखवली. "ती बग. ती आमची."

बाईंनी तिला नीट न्याहाळलं. "उंच होईल," म्हणाल्या.

तेवढ्यात बायकांचा एक घोळका आला. नवी नवरी होती, ताटात खण-नारळ, मागे वाजंत्री. बाई बुंध्याशीच उभ्या होत्या, हात सालीवर ठेवून. घोळक्यातली एक तरुण बाई म्हणाली, "ओ आजी, जरा सरका ना बाजूला. ओटी भरायचीय देवीची."

हिराबाई ताडकन म्हणाली, "अगो, ठावं हाय का तुला ही कोन..."

बाईंनी तिचा हात दाबला. "राहू द्या हिराबाई. त्यांची वेळ झालीय."

आणि त्या सरकल्या. पाराच्या पायऱ्या एकेक करून उतरल्या, झाडाच्या सावलीबाहेर जाऊन उन्हात उभ्या राहिल्या. छत्री होती हातात, पण उघडली नाही. घोळक्यात मागे राहिलेल्या एका म्हातारीला त्यांनी हात देऊन वर चढवलं. वर घंटा वाजत होती, नवरी वाकून नमस्कार करत होती, आणि बाई बाहेर उभ्या राहून सगळ्यांचं होईपर्यंत थांबल्या.